होडी, अक्का, होडी!

माझे वडील, अप्पा, हैदराबादला गवंडीकाम करायचे आणि सणासुदीला बसवकल्याणला घरी यायचे. येताना काय आणतील याचा नेम नसायचा. एकदा त्यांनी भलंमोठं पितळी कुलूप आणलं होतं. ते शोभेल असं दारच आमच्या घराला नव्हतं. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला त्यांनी टीव्ही गेम आणला.

करड्या रंगाचं खोकं, वायरीनं जोडलेले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नवाच्या आकड्यांची आगगाडीच छापलेली. म्हणे एवढे गेम आत आहेत. खरे दहाबाराच होते, नावं बदलून तेच ते फिरून यायचे. पण हे कळेपर्यंत दिवाळी आली.

अप्पांनी आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या मागं वायर खोचली आणि चॅनेलचं बटण पिळायला घेतलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अप्पा पिळतायत, माझा थोरला भाऊ भीमाशंकर, म्हणजे आमचा अण्णा, "जरा मागं, अप्पा, आता जरा पुढं" करतोय, आणि माय चुलीपुढनं ओरडतीय, "फुटंल बगा टीव्ही! कामून त्येच्या नादी लागलाव?" तेवढ्यात मुंग्यांतनं विटांची भिंत वर आली, टिंगटिंग वाजलं, आणि आम्ही दोघं भावंडं एकदम रिमोटवर पडलो.

अप्पा हैदराबादला परत गेले आणि घरात भांडणं सुरू झाली. अण्णा मला दुसरा रिमोट द्यायचा, पण त्याची वायर खोक्यातनं हळूच उपसून ठेवायचा. मी आपली बटणं दाबतीय, पडद्यावर काही हलत नाही. हे उघडकीला आलं त्या दिवशी मी त्याच्या दंडाला चावले. माय पिठाच्या हातानंच बाहेर आली, दोघांना एकेक धपाटा घातला आणि माझा रिमोट काढून घेतला.

"आण हिकडं. म्याच बगते काय जळतंय त्यात."

मायचं नाव रेणुकाबाई. निंबर्ग्याची, धनगराची लेक. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. लग्नानंतर बसवकल्याणच्या आसपास खुरपायला, काढणीला जायची. शाळेची पायरी चढली नव्हती, पण मराठी, कानडी आणि बाजारातली उर्दू, तिन्हीत भांडू शकायची. तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय पसरले आणि अण्णाला म्हणाली, "हं, सांग."

टँकवाला गेम होता. वरनं शत्रूचे टँक येतात, खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पाखरू बसलेलं असतं. त्या पाखराला गोळी लागली की खेळ संपला. अण्णा नेहमी सुरू झाल्या झाल्या वर धावायचा, दोनचार टँक उडवायचा आणि खाली पाखरू मरायचं. माय मात्र पाखरापासनं हललीच नाही. कुंपणाच्या या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत तिचा टँक नुसता येरझाऱ्या घालत होता, आणि जो खाली यायचा त्याला ती टिपत होती.

"मेंढरं सोडून लांडग्यामागं पळतंय व्हय कुणी?" ती अण्णाला म्हणाली. "येक म्होरनं दिसला, की दुसरा मागनं आलाच म्हणून समज."

त्या दिवशी आम्ही कधी न पाहिलेले पल्ले पाहिले. पिठाचा हात लागून रिमोट पांढरा झाला होता.

शेजारच्या भाड्याच्या खोलीत निलम्मा राहायची. नवरा फरशीच्या दुकानात कामाला, सासू मल्लव्वा, आणि कडेवर चन्नू नावाचं पोर. निलम्मा ब्लाऊज शिवायची. अंगानं बारकी, बोलणं त्याहून बारीक. मल्लव्वाचा आवाज मात्र साऱ्या गल्लीला ऐकू जायचा, त्यामुळं निलम्माला आवाज असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. एका दुपारी ती चाळणी परत द्यायला आली. मी आणि माय खेळत होतो. निलम्मा उंबऱ्यावर उभी राहिली, ती उभीच राहिली.

"ये, बस," माय म्हणाली. "ही पोरगी काय कामाची न्हाई, निस्ती भितीय. धर ह्यो रिमोट."

"नको अक्का, मला कुठलं येतंय."

"मला तरी कुठलं येत हुतं? धर."

चाळणी मांडीवर ठेवूनच निलम्मा खेळायला बसली. पहिल्यांदा तिनं मायच्याच टँकला गोळी घातली. आपल्याच माणसाची गोळी लागली की टँक मरत नाही, पण घटकाभर जागच्या जागी थिजतो. माय थिजून बसली, पाखरू मेलं. निलम्मानं जीभ चावली. मायला राग येईल असं मला वाटलं, पण ती खो खो हसायला लागली, आणि मग निलम्माही. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कुठल्याशा मोठ्या बाईचं असावं असं दणदणीत हसणं होतं ते.

मग रोजचंच झालं. मायला काम नसेल त्या दुपारी, आणि लाईट असली तर, निलम्मा यायची. चन्नूला माझ्या मांडीवर द्यायची. माय पाखरू राखायची आणि ही बारकी बाई वर धावून जायची, टँकामागून टँक उडवायची. अंगात आलं की तिचं मराठी सुटायचं. मायच्या बाजूनं टँक आला की ती ओरडायची, "होडी, अक्का, होडी!" कानडीत होडी म्हणजे मार. मला ते कळायचं, तरी मी मुद्दाम विचारायची, "काकू, हितं होडी कुठाय? पाणी तर दिसंना." त्यावर ती पडद्यावरची नजर न हलवता माझ्या डोक्यात टपली द्यायची.

त्या गेममध्ये एक मजा होती. एकाचे सगळे जीव संपले की बटण दाबून दुसऱ्याचा एक जीव घेता यायचा. निलम्मा वर धावायची, त्यामुळं तिचेच जीव आधी संपायचे. "अक्का, एक जीव घेऊ?" असं ती दरवेळी विचारायची. विचारायची गरज नव्हती, बटण दाबलं की झालं. पण ती विचारायची, आणि माय दरवेळी म्हणायची, "घे की गं. म्या काय करू ठिऊन?"

एकदा मल्लव्वा आली. "सून कुठं मेली माझी?" असं दारातनंच विचारत आली. निलम्मा धडपडून उठली आणि रिमोट तिच्या हातनं गळला. माय एकटी पडली. वरनं तीन टँक सुटले होते. मल्लव्वानं तोंड उघडलं, तिची नजर टीव्हीवर गेली, आणि ती ज्या आवाजात सुनेला शिव्या द्यायची त्याच आवाजात ओरडली, "हक्की नोड! अगं त्या पाखराकडं बघ की, मारतील त्याला!" निलम्मा मटकन खाली बसली, रिमोट उचलला आणि त्या दोघींनी पाखरू वाचवलं. मल्लव्वा दाराशी टेकली, तिला मी पाणी दिलं. जाताना तिनं बजावलं की हे पोरखेळ आहेत, बायकांना शोभत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निलम्माच्या मागोमाग सुपारी कातरत आली, कुणी बोलावलं नसताना.

असं दोन-तीन वर्षं चाललं. पुढं एका सकाळी माय हरभरा काढायला गेली होती, मी आणि अण्णा शाळेत होतो. संध्याकाळी परत आलो तर शेजारच्या खोलीला कुलूप. घरमालकीण विमलबाईनं सांगितलं, "गेले की पुण्याला. तिच्या नवऱ्याला कंपनीत काम लागलंय. टेंपो आला, सामान टाकलं, गेले."

"काय बोलली न्हाई निलम्मा? काय सांगून गेली न्हाई?" मायनं विचारलं.

"न्हाई बा. रडायली हुती जरा."

माय आत गेली आणि भाकरी थापायला बसली. त्या रात्री तिनं आम्हांला नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि स्वतः फार जेवली नाही. निलम्माचं नाव तिनं पुढं काढलं नाही. कुणी काढलं तर म्हणायची, "गेली ती गेली. पर सांगून जायाला काय झालं हुतं?" अण्णानं हट्ट धरला म्हणून ती एकदोनदा खेळायला बसली, पण पाखरू सोडून उगाच इकडंतिकडं फिरली आणि लवकर मेली. पावसाळ्यात एके दिवशी गेमच्या अडॅप्टरमधनं जळका वास आला. अप्पा तो दुरुस्तीला हैदराबादला घेऊन गेले. तिथं ज्या दुकानात घेतला होता तिथं आता मोबाइल विकत होते. गेम तिकडंच राहिला.

मी पीयूसी, म्हणजे बारावी झाले, कॉम्प्युटरचा क्लास केला आणि बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत कामाला लागले. कॅफे व्यंकटभैयाचा होता. त्याचं घराणं मूळचं औराद तालुक्यातल्या चिंताकीचं, वाडवडील शेती आणि आडत करायचे. ह्यानं आडत सोडून प्लायवूडच्या खणांत कॉम्प्युटर मांडले. सकाळी नेट लावायचं म्हणजे फोनची तार किरकिर, घुर्रघुर्र करत कुणाला तरी हाका मारायची, आणि ते लागलं की आम्ही दोघं हुश्श करायचो. दहावीचा निकाल लागला की दारात जत्रा भरायची. रेल्वेचं तिकीट, नोकरीचा अर्ज, दुबईला गेलेल्या पोराचा ईमेल, सगळं माझ्याकडं यायचं. कुणी कानडीत सांगायचं, कुणी उर्दूत, कुणी मराठीत. मी इंग्रजी अक्षरांत टाईप करायची, कारण मराठी लिहिलं की समोरच्याला नुसते चौकोन दिसायचे.

माय दुपारी डबा घेऊन यायची आणि माझ्या मागं स्टुलावर बसून बघत राहायची. एक दिवस तिनं विचारलं, "ह्यात माणूस हुडकता येतंय का गं?"

कोण माणूस ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी निलम्मा टाईप केलं, पुणे टाईप केलं. आडनाव आम्हांला ठाऊक नव्हतं. जगात इतक्या निलम्मा असतील असं वाटलं नव्हतं. कुठल्याशा शाळेच्या हेडमास्तरीणबाई निघाल्या, एक नर्स निघाली, आमची नाही निघाली.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "जेव तू."

पुढं ब्रॉडबँड आलं, घुर्रघुर्र थांबली. एका रिकाम्या दुपारी मला एक साइट सापडली. पुण्यातल्या कुणा हौशी पोरांनी काढली होती. जुन्या टीव्ही गेमची माहिती, फोटो, काही गेम तिथंच खेळायची सोय, आणि खाली लोकांनी लिहिलेल्या आठवणी. कुणी लिहिलं होतं की कॅसेटमध्ये फुंकर मारली की ती चालायची. कुणी लिहिलं होतं की बापानं परीक्षेच्या वेळी रिमोट विहिरीत टाकले. मी वाचत वाचत हसत होते आणि डोळे पुसत होते. व्यंकटभैयानं विचारलं, "क्या हुआ, रूपा? निकाल लागला काय कुणाचा?"

मी तिथं लिहिलं. माय, निलम्माकाकू, चाळणी, मल्लव्वा, पाखरू, सगळं. लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. "होडी, अक्का, होडी" लिहिलं आणि कंसात होडीचा अर्थही दिला, पुण्याच्या लोकांना कळावं म्हणून. चारपाच जणांनी छान छान म्हटलं. मग ते खाली खाली गेलं आणि मीही विसरले. घरात माझं लग्न जुळत होतं, मोडत होतं. डोक्याला तेवढं पुरेसं होतं.

बरेच महिने गेले. एक दिवस साइट उघडली तर माझ्या लिखाणाखाली नवीन मजकूर होता: "ताई, तुम्ही बसवकल्याणच्या का? माझं नाव चनमल्लप्पा. घरी चन्नू म्हणतात. आम्ही भोसरीला असतो. हे मी आईला वाचून दाखवलं. ती मशीन थांबवून उठली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग म्हणाली, परत वाच. कृपया नंबर द्या."

मी कॅफे व्यंकटभैयावर सोडला आणि पळत घरी गेले. माय दारात शेंगा फोडत होती. मी सांगितलं. ती फोडायची थांबली नाही.

"बरी हाय का?"

"बरीच असंल. मशीन चालवतीय म्हणे."

"मग बरं हाय," माय म्हणाली, आणि सगळे दाणे टरफलांच्या टोपलीत टाकले.

फोनवर बोलायला माय तयार नव्हती. "तोंड दिसत न्हाई, काय बोलावं? तुझ्या त्या पेटीत तोंड दिसतंय न्हवं?" म्हणून रविवारी सकाळी कॅफेत बेत ठरला. व्यंकटभैयानं गिऱ्हाईकांना बाहेर बसवलं. चन्नू भोसरीच्या एका कॅफेत आईला घेऊन आला. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी तिच्या कानाला हेडफोन लावला आणि एका बाजूनं मीही कान टेकवला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग अर्धा चेहरा. चष्मा लागला होता, केस पिकले होते. चेहरा मधेच चौकोन चौकोन व्हायचा, थिजायचा, परत हलायचा.

"हेंग इद्दी, अक्का?" निलम्मा म्हणाली. कशी आहेस.

माय काही बोलेना. मला वाटलं आवाज गेला, मी वायर हलवायला लागले. तर माय एकदम म्हणाली, "सांगून जायाला काय झालं हुतं गं तुला?"

पलीकडं चेहरा थिजला. नेटमुळं थिजला की खरंच, ते कळायला मार्ग नव्हता. मग आवाज आला.

"अक्का, सांगायला आले असते तर गेले नसते. तू घरात न्हवतीस, शेतात गेल्यालीस, म्हणून तर पाय उचलला. नवरा म्हणाला बस टेंपोत, मी बसले. पत्र लिवावं तर तुला वाचाय येत न्हाई, दुसऱ्यानं वाचलं असतं. काय लिवणार होते? तुझ्या घराबाहेर मला कुणी हसताना बघितलंवतं का, हे लिवणार होते?"

माय पदर तोंडाला लावून बसली. दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत होत्या, आणि मी हेडफोनचा कान सोडून बाहेर आले. बाहेर गिऱ्हाईकं कुरकुरत होती. व्यंकटभैया त्यांना चहा पाजत म्हणत होता, "थांबा, आत अर्जंट काम चाललंय."

परत गेले तर आत कानडी आणि मराठीचा काला झाला होता. मल्लव्वा वारली होती. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, पण निलम्माचं शिवणाचं दुकान होतं, हाताखाली बायका होत्या, आणि त्यांच्यावर ती ओरडायची म्हणे, अगदी मल्लव्वासारखी. "माझाच आवाज ऐकून दचकते मी," ती म्हणाली, आणि ते दणदणीत हसणं हेडफोनमधनं बाहेर आलं.

मग रविवार त्यांचाच झाला. मी आणि चन्नूनं खटपट केली की दोघींना दोन गावांतनं एकत्र टँक खेळता यावा. एकदा जमलंही थोडं. पण निलम्मानं बटण दाबल्यावर गोळी इकडं इतक्या उशिरा निघायची की तोवर सगळं आटपलेलं. "ह्येच्यात जीव न्हाई," माय म्हणाली. "त्यापेक्षा बोलू द्या." आम्ही दोघंच मग अधूनमधून खेळत बसायचो.

दोन हजार बाराच्या सुरुवातीला त्या साइटवर नोटीस लागली. चालवणारी पोरं आता नोकरीला लागली होती, एक अमेरिकेत होता, कुणाला वेळ नव्हता. महिनाअखेरीस साइट बंद होणार होती. लोक तिथं राहिले नव्हतेच, सगळे मोबाइलवर, दुसऱ्या मोठ्या साइटींवर गेले होते. मला मात्र माझंच घर कुणी पाडतंय असं वाटलं. मी तिथल्या आठवणी प्रिंट काढायला घेतल्या. काडेपेटीच्या काडीनं चॅनेलचं बटण पिळणारा बाप, विहिरीतले रिमोट, उदगीरचा कुणी, जालन्याचा कुणी. ज्यांना मी कधी भेटणार नव्हते त्या सगळ्यांना मी कागदावर उतरवत होते. प्रिंटरची शाई संपली.

माय स्टुलावर बसून बघत होती. "कामून जीवाला खायलीस?" ती म्हणाली. "रस्ता हुता. गावाला पोचलाव. आता रस्ता उखडला तर उखडू दे."

"मला रस्ताच आवडायचा, माय."

तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "व्हय. तुझं खरंय. तू रड जरा."

कॅफेही त्याच वर्षी उन्हाळ्यात बंद झाला. निकाल आता पोरांना मोबाइलवरच दिसायला लागले होते. प्लायवूडचे खण उपसताना व्यंकटभैया प्रत्येक फळीवर कोरलेली नावं मोठ्यानं वाचत होता, आणि वाचलेल्या नावाचं पोरगं आता कुठं आहे ते आठवून सांगत होता. पुणे, हैदराबाद, सोलापूर, मस्कत. गावात असलेलं एकही निघालं नाही. तिथं तो मोबाइलचं दुकान काढणार होता, आणि मी त्यात बसणार होते.

त्या दिवशी माय मात्र गावात नव्हती. उमरगा, सोलापूर करत ती एकटी पुण्याला गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत शेंगाचटणी. संध्याकाळी मी तिला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा, बायकांचा, शिलाई मशीनचा कालवा होता. मी विचारलं, "माय, चन्नूनं नवा गेम आणलाय म्हणत होता. खेळलाव का दोघी?"

"न्हाई गं, येळच मिळंना. सकाळी चतुःशृंगीला गेलो, मग निलीनं हाटेलात न्हेलं. डोसा चांगला न्हवता, आमी तसं सांगितलं बी त्याला. आता ब्लाऊजाला हूक लावायलोय."

"कधी यायलीस मग?"

"बगू. निली सोडंना."

हैदराबाद सोडून कायमचे घरी आलेले अप्पा बाजूला कान देऊन उभे होते. त्यांनी फोन माझ्या हातातनं घेतला. "अगं, हितं भाकरी कुणी करायच्या?"

मायचं उत्तर मला ऐकू आलं नाही. तिच्या मागनं निलम्माकाकू कानडीत काहीतरी ओरडली आणि दोघी हसल्या, एवढं ऐकू आलं. अप्पांनी फोन खाली ठेवला, थोडा वेळ खांद्यावरचा टॉवेल चाचपला आणि मला विचारलं, "पिठाचा डबा कुठाय गं आपला?"